गोठविलेले भ्रूण आणि प्राणवायूचा उपद्रव

जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवावी, डब्याचे झाकण सैल राहावे, आणि महिन्या-दीड महिन्याने ती काढून पाहावी. तिला उग्र वास येऊ लागलेला असतो व जिभेवर कडवट चव रेंगाळते. "चटणी खवट झाली" असे म्हणून घरातील मंडळी ती टाकून देतात. खवट होणे म्हणजे नेमके काय होणे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर असे की, दाण्यातील तेलाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन त्या तेलाचे रेणू तुटू लागतात, व जे तुकडे होतात त्यांचा तो वास असतो. ह्या क्रियेस रसायनशास्त्रात ऑक्सिडीकरण म्हणतात. ज्या प्राणवायूवाचून आपण काही मिनिटेही जगू शकत नाही, तोच आपल्या फडताळात शिरून आपली चटणी नासवीत असतो!

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय चटणी नव्हे. गायीच्या, उंदराच्या आणि मनुष्याच्याही अगदी आरंभीच्या अवस्थेतील भ्रूण गोठवून ठेवण्याची विद्या आता चांगली रुळली आहे. गोठविलेला भ्रूण पुढे सवडीने वितळवून मातेच्या उदरात ठेवितात व तो वाढीस लागतो. ह्या व्यवहारात काही भ्रूण जगतात व काही मरतात. मरणाऱ्यांपैकी पुष्कळांना बर्फ मारतो, हे फार दिवसांपासून ठाऊक आहे. पण जे बर्फाच्या तडाख्यातून सुटतात त्यांतलेही काही वितळल्यावर खुरटतात आणि एक-दोन दिवसांत संपतात. ह्यांच्या नाशास चटणी खवट करणारी तीच क्रिया पुष्कळ अंशी कारण होते, ही गोष्ट अलीकडील संशोधनाने स्पष्ट होत आली आहे. ती कशी, हे आम्हास येथे सांगावयाचे आहे.

प्रथम भ्रूणाची ओळख करून घेऊ. मातेकडील अंडपेशी व पित्याकडील शुक्रपेशी यांच्या मीलनाने एक पेशी तयार होते. तिच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ याप्रमाणे पेशी वाढत जातात. गायीच्या पोटी सातव्या दिवशी ह्या पेशींचा जो गोळा असतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा भरतो. बारीक रव्याचा कणही त्याहून मोठा म्हणावा लागेल. अशा ह्या कणात आतील बाजूस पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, त्याचे पुढे वासरू होते. बाहेरच्या पेशींपासून वार बनते. सातव्या दिवशी हा कण अद्याप गर्भाशयाच्या भिंतीस चिकटलेला नसतो, म्हणून तो धुऊन बाहेर काढता येतो व दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात ठेविला तरी तेथे वाढतो.

हा खटाटोप कशासाठी, असे आमचे शेतकरी पालक विचारतील. उत्तम दुधाची गाय वर्षाकाठी एकच वासरू देते. आयुष्यभरात तिची पाच-सात वासरे झाली तरी पुष्कळ. परंतु औषधाच्या योगे तिच्याकडून एका वेळी अनेक अंडपेशी मिळवून त्यांचे भ्रूण साधारण प्रतीच्या गायींच्या पोटी वाढविले, तर त्या एकाच गायीचा वंश झपाट्याने वाढतो. देवणी, डांगी, लाल कंधारी अशा आपल्याकडील जातींचे जतन करावयाचे असेल तर ह्या उपायाचे महत्त्व उघड आहे. अडचण इतकीच की, भ्रूण तयार होईल त्याच दिवशी तो स्वीकारण्यास योग्य अशी दुसरी गाय हाताशी असेलच असे नाही. म्हणून भ्रूणास थांबवून ठेवावे लागते, आणि जिवंत वस्तूस थांबविण्याचा गोठविण्यावाचून दुसरा मार्ग मनुष्यास सापडलेला नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात दुहेरी भिंतीचे, अरुंद तोंडाचे ॲल्युमिनियमचे एक पात्र असते. त्याचे बूच काढताच आतून पांढरे धुके बाहेर येते. त्या पात्रात द्रवरूप नत्रवायू असतो व त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस असते. त्यात वळूंच्या रेतमात्रा बारीक नळ्यांतून बुडवून ठेविलेल्या असतात, हे खेड्यातील मुलांस सांगावयास नको. भ्रूणही अशाच नळीत व अशाच पात्रात राहतात.

आता जिवंत पेशी इतक्या थंडीत टिकते कशी? केवळ पाण्यात ठेवून गोठविली तर ती टिकत नाहीच. पेशीत बव्हंशी पाणी असते, आणि पाणी गोठताना त्याचे सुईसारखे स्फटिक बनून ते पेशीची नाजूक घडण फाडून टाकतात. शिवाय बाहेरील पाण्याचा बर्फ झाला की त्यातील क्षार उरलेल्या थोड्या पाण्यात दाटतात व पेशी खारविलेल्या कैरीप्रमाणे सुरकुतते. ह्या दोन्ही संकटांवर तोड सापडली ती मात्र चुकून. लंडनजवळच्या मिल हिल येथील संशोधनसंस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ व ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे रेत गोठविण्याचे प्रयोग करीत होते. फळांतील साखरेच्या द्रावणाने काही साधेना. काही महिन्यांनी थंड जागेत ठेविलेली जुनी बाटली काढून त्यांनी पुन्हा प्रयोग केला, तो काय! वितळलेले शुक्रजंतू चळवळू लागले. बाटलीत उरलेले थोडेसे द्रावण तपासले तेव्हा त्यात साखर मुळीच नव्हती; होते ते ग्लिसरीन व थोडा अंड्याचा बलक नसलेला पांढरा भाग. बाटल्यांवरील चिठ्ठ्यांचा घोटाळा झाला होता. हा शोध १९४९ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत चिठ्ठ्या नीट लावाव्यात असा आमचा आग्रह असतो व तो कायम आहे. परंतु अनपेक्षित फळ दिसताच बाटली फेकून न देता तीत काय आहे ते तपासावे, हे ज्यांना सुचले त्यांची बुद्धी वाखाणण्यासारखी होती.

ग्लिसरीन व तत्सम द्रव्ये पेशीत शिरून पाण्याशी मिसळतात व त्याचा बर्फ सहजासहजी होऊ देत नाहीत. त्यांच्या साहाय्याने १९७२ साली डेव्हिड व्हिटिंगहॅम, स्टॅन्ले लायबो व पीटर मेझर यांनी अमेरिकेतील ओक रिज येथे उंदराचे भ्रूण गोठविले. मिनिटास ०.३ ते २ अंश इतक्या संथ गतीने ते थंड केले व वितळवितानाही घाई केली नाही. अडीच हजारांहून अधिक भ्रूणांपैकी, गती कमीअधिक असेल त्याप्रमाणे, शेकडा ५० ते ७० पुढील अवस्थेपर्यंत वाढले. दुसऱ्याच वर्षी केंब्रिज येथे इयन विल्मट व रोसन यांनी गोठविलेल्या भ्रूणापासून गायीचे वासरू जन्मास आणले. हेच विल्मट पुढे १९९६ साली जन्मलेल्या डॉली नावाच्या मेंढीमुळे जगास ठाऊक झाले.

ह्या इतिहासातील एक पान आपल्या देशातील आहे, व ते उलटताना मन विषण्ण होते. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यास एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय, सुनीत मुखर्जी व डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांनी शरीराबाहेर फलन घडवून आठ पेशींचा भ्रूण डायमेथिल सल्फॉक्साइड ह्या द्रव्यात गोठविला होता आणि ५३ दिवसांनी वितळवून मातेच्या उदरात ठेविला होता. त्यापूर्वी गोठविलेल्या भ्रूणापासून मनुष्याचे मूल कोठेही जन्मले नव्हते. सरकारने नेमिलेल्या समितीस हे खरे वाटले नाही. डॉ. मुखोपाध्याय यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत करण्यात आली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांचा दुःखद अंत झाला. त्यांची टिपणे पुढे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या हाती आली. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या बालिकेच्या बाबतीत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह ज्यांना श्रेय मिळाले होते, ते हेच आनंद कुमार. टिपणे वाचून त्यांनी १९९७ साली जाहीर लिहिले की, भारतातील पहिला मान डॉ. मुखोपाध्याय यांचा आहे. स्वतःच्या नावावरील मान पुरावा पाहून दुसऱ्यास देणारी माणसे विरळा. विज्ञानाच्या इतिहासात आम्हास ही गोष्ट शोधाइतकीच मोलाची वाटते. सर्वत्र मान्य झालेला पहिला असा जन्म मेलबर्न येथे १९८४ सालचा आहे.

१९८५ साली विल्यम रॉल व ग्रेगरी फाही यांनी आणखी एक युक्ती काढली. साखरेचा पाक मंद निवू दिला व घोटला तर त्यात दाणे पडतात; पण कडक पाक थंड परातीवर एकदम ओतला तर तो काचेसारखा नितळ थिजतो. त्याचप्रमाणे घट्ट द्रावणात भ्रूण ठेवून तो इतक्या झपाट्याने थंड करावयाचा की बर्फाचे स्फटिक बनण्यास अवसरच मिळू नये. आज मनुष्याच्या भ्रूणांसाठी बहुधा हीच रीत वापरतात. बर्फाचा प्रश्न असा जवळजवळ सुटला. तथापि सारेच भ्रूण वाचू लागले असे झाले नाही, व तेथूनच आमच्या मूळ विषयास आरंभ होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भ्रूण जितके दिवस गोठलेला राहील तितका तो खराब होत असेल, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. शून्याखाली १९६ अंशांवर रेणूंना हालचालीपुरतीही शक्ती उरत नाही, मग रासायनिक क्रिया कोठली व्हावयास! आकाशातून व भूमीतून येणाऱ्या किरणांचा सूक्ष्म मारा तेवढा चालू असतो. तो किती बाधतो हे पाहण्यासाठी इंग्लंडातील संशोधकांनी गोठलेल्या उंदीरभ्रूणांवर सुमारे दोन हजार वर्षांत जमेल इतक्या किरणांचा मारा करून पाहिला. त्याने म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. अमेरिकेत १९९२ साली गोठविलेल्या भ्रूणांपासून २०२२ साली जुळी मुले जन्मली, ती तीस वर्षांच्या मुक्कामानंतर. धोका मुक्कामात नसतो, वाटेत असतो: खाली जाताना थोडा, आणि वर येताना अधिक.

तो धोका समजण्यासाठी पेशीच्या चुलीकडे पाहिले पाहिजे. पेशीत तंतुकणिका नावाची सूक्ष्म अंगे असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे हातोहात पुढे सरकत प्राणवायूपर्यंत पोहोचतात, त्याचे पाणी बनते, व ह्या व्यवहारातून पेशीस शक्ती मिळते. ही चूल नीट पेटलेली असली तरी तीतून चार ठिणग्या उडतातच. वाटेत निसटलेला एखादा इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या रेणूस चिकटतो आणि सुपरऑक्साइड नावाचा तापट कण तयार होतो. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची लोहाच्या क्षाराशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल नावाचा, सर्वांत दाहक असा कण निपजतो. लोहाची ही करामत फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ सालीच दाखविली होती. सुपरऑक्साइड व हायड्रॉक्सिल यांत एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिलेला असतो. अशा कणांस मुक्त मूलक म्हणतात. जोडीसाठी ते शेजारच्या रेणूवर झडप घालतात.

शेजारी असते पेशीचे पटल. हे पटल स्निग्ध द्रव्याचे असते, आणि येथे स्वयंपाकघरातील दोन तेले आठवावीत. खोबरेल तेल थंडीत थिजते, पण ते बराच काळ खवट होत नाही. जवसाचे तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहते, पण हवेस उघडे पडले तर प्राणवायू शोषून घेऊन बिघडते. दारे-खिडक्या रंगविताना ते रंगात मिसळतात व त्याची कडक साय धरते, ती ह्याच गुणामुळे. कारण असे की, खोबरेलाच्या रेणूंतील कर्बाच्या साखळ्या बहुतेक भरलेल्या असतात, तर जवसाच्या साखळ्यांत मधून मधून दुहेरी बंध असतात. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, म्हणून ती थिजत नाही. आणि नेमक्या त्याच जागी मुक्त मूलकास शिरकाव करता येतो. पेशीच्या पटलात दोन्ही जातीच्या साखळ्या असतात. थंडीत पटल लवचिक राहावे तर दुहेरी बंध हवेत. प्राणवायूपासून राखावे तर ते नकोत. निसर्गापुढचा हा पेच मोठा विचार करण्यासारखा आहे, आणि भ्रूण गोठविणाऱ्यास त्यातून सुटका नाही.

एका साखळीवर घाव बसला की तीच मूलक बनते व शेजारच्या साखळीवर घाला घालते. अढीतील एक आंबा नासला आणि वेळीच काढला नाही तर चार दिवसांत अढीची काय दशा होते, हे आपण पाहतोच. पटलाचे तसेच होते. ते झिरपू लागते, तंतुकणिकांची पटले बिघडली की ठिणग्या अधिकच उडतात, केंद्रातील डी. एन. ए. चे धागे तुटतात, आणि नुकसान फार झाले असे ठरताच पेशी आपण होऊन आपला कारभार आटोपते.

तर मग सामान्य स्थितीत पेशी जगते कशी? तिच्यापाशी राखणदार असतात म्हणून. हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे. औषधांच्या दुकानातील शेकडा ३ प्रमाणाचे हायड्रोजन पेरॉक्साइड शिक्षकांच्या देखरेखीखाली नुकत्याच कापलेल्या बटाट्यावर दोन थेंब टाकावे. लगेच फेस येतो. बटाट्यातील कॅटॅलेज नावाचे विकर त्या द्रव्याचे पाणी व प्राणवायू असे निरुपद्रवी तुकडे करते, व सुटलेल्या प्राणवायूचा तो फेस असतो. उकडलेल्या बटाट्यावर टाकावे. फेस येणार नाही, कारण राखणदार मेला. बर्फात ठेविलेल्या बटाट्यावर फेस मंदपणे येतो. हे तिसरे निरीक्षण ध्यानी ठेवावे, त्याचे काम पुढे पडणार आहे. सुपरऑक्साइडचा समाचार घेणारे दुसरे विकर मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी अमेरिकेत १९६९ साली ओळखले. तिसरा राखणदार ग्लुटॅथिओन. हा लहानसा रेणू स्वतः प्राणवायूचा घाव झेलून दुसऱ्यांस वाचवितो. पटलात ई जीवनसत्त्व तेच काम करते.

आता वितळणाऱ्या भ्रूणाची अवस्था पाहा. थंडी उतरू लागताच राखणदार विकरांचे काम बर्फातील बटाट्याप्रमाणे मंदावते. उलट खवट करणाऱ्या साखळीक्रियेस फारशी शक्ती लागत नसल्यामुळे ती त्यांच्या मानाने कमी मंदावते. द्रावणातून द्रावणात जाताना भ्रूण आक्रसतो व फुगतो, त्यात तंतुकणिकांस दुखापत होते. मग अकस्मात ऊब येते, दुखावलेली चूल पुन्हा पेटते, आणि ठिणग्यांचा लोट उठतो. गायीच्या व डुकराच्या अंडपेशी आणि उंदराचे भ्रूण गोठवून वितळविले असता त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलेले आढळले. अंडपेशींत ग्लुटॅथिओनचा साठाही घटलेला दिसला. ऑक्सिडीकरण होताच चकाकणारे एक रंगद्रव्य असते. ते पेशीत सोडून चकाकी मोजतात. कोवळ्या भ्रूणास आणखी एक अडचण असते. गायीचा भ्रूण आठ ते सोळा पेशींचा होईपर्यंत मुख्यतः मातेने अंडपेशीत भरून दिलेल्या शिधोरीवर जगतो. तोपर्यंत संपलेला राखणदार नव्याने घडविणे त्यास कठीण असते.

ह्या भरीस हवा. मातेच्या अंडनलिकेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २ ते ८ असते. आपण श्वास घेतो त्या हवेत ते शेकडा २१ च्या जवळ आहे. म्हणजे भ्रूणास उघड्यावर काढणे हेच त्याच्या दृष्टीने प्राणवायूच्या पुरात लोटणे होय. म्हणून चांगल्या प्रयोगशाळांत भ्रूण वाढवितात त्या पेटीत नत्रवायू सोडून प्राणवायू शेकडा ५ वर आणितात.

स्निग्धांश अधिक तेथे हा उपद्रव अधिक, असे आपल्या विवेचनावरून वाटेल, व अनुभवही तसाच आहे. प्रयोगशाळेत फलन घडवून वाढविलेले गायीचे भ्रूण गायीच्या पोटात वाढलेल्या भ्रूणांपेक्षा काळसर दिसतात, कारण त्यांत चरबीचे कण जास्त साठलेले असतात. आणि गोठविले असता ते अधिक मरतात. म्हशीच्या भ्रूणांचीही हीच तक्रार आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली शरीराबाहेर फलन घडवून म्हशीचे पारडू जन्मास आणले गेले. परंतु तिचे भ्रूण गोठवून टिकविणे गायीच्या मानाने अवघडच राहिले आहे. ज्या प्रांतात दुधासाठी म्हशीवर इतकी भिस्त आहे, तेथील विद्यार्थ्यांनी ह्या कोड्याकडे आपले म्हणून पाहावे. डुकराचे भ्रूण तर चरबीने गच्च भरलेले असतात. नागाशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगाने फिरवून चरबी एका कडेस आणिली व सूक्ष्म सुईने काढून टाकिली, तेव्हा तेच भ्रूण थंडी सोसू लागले. ही हकीकत १९९५ साली प्रसिद्ध झाली. अर्थात चरबी दोन वाटांनी घात करते, थिजून व खवट होऊन. ह्या प्रयोगावरून कोणत्या वाटेचा वाटा किती, हे निराळे काढता येत नाही.

तो वाटा निराळा दाखविण्यास दुसऱ्या जातीचे प्रयोग लागतात. थंडीची रीत तीच ठेवावयाची, आणि द्रावणात केवळ एखादा राखणदार जास्तीचा मिसळावयाचा. मिशेल लेन व डेव्हिड गार्डनर प्रभृतींनी उंदराच्या भ्रूणांच्या बाबतीत गोठविण्याच्या द्रावणात क जीवनसत्त्व मिसळले. २००२ साली त्यांनी कळविले की, हायड्रोजन पेरॉक्साइड कमी झाले व ज्या आतील पुंजक्यापासून पिल्लू बनते त्याची वाढ सुधारली. बर्फाशी क जीवनसत्त्वाचे काहीच भांडण नाही. तेव्हा जो फरक पडला तो ऑक्सिडीकरण थोपविल्यामुळे पडला, असे मानणे प्राप्त होते. २०२० साली मेलबर्न येथून ट्रुआँग व गार्डनर यांनी ॲसिटिल कार्निटीन, ॲसिटिल सिस्टीन व लिपोइक आम्ल ही तीन द्रव्ये अत्यल्प प्रमाणात एकत्र वापरून उंदरांच्या भ्रूणांत तसाच लाभ झाल्याचे दाखविले.

हे वाचून कोणी पालक आवळ्याचा मुरंबा वाढवून खाऊ लागले तर त्यांनी तो आवडीसाठी खावा. भ्रूणाच्या रक्षणासाठी नव्हे. द्रावणातील मोजून घातलेले द्रव्य निराळे व पोटातील निराळे. उंदराच्या भ्रूणास जे मानवले ते गायीस किंवा मनुष्यास तसेच मानवेल असेही नाही. शिवाय राखणदार अति झाले तर तेही बाधतात. लोहाचा अंश जवळ असेल तर क जीवनसत्त्वच फेंटनच्या क्रियेस हातभार लावून दाहक कण निर्माण करते. आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी थोडे असणे हे पेशींच्या आपसांतील निरोपासाठी आवश्यकही असते. ठिणग्या पूर्ण बंद करावयाच्या तर चूलच विझवावी लागेल. संततीसाठी तळमळणाऱ्या कुटुंबांस ह्या विषयाच्या नावाखाली महागड्या गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिराती पुष्कळ निघतात. त्यांतील आश्वासने व प्रयोगशाळेतील पुरावा यांत फार अंतर आहे, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो.

प्रत्यक्ष गोठ्यावर जे करावयाचे ते साधे, पण काटेकोर असते. गायीच्या भ्रूणाची नळी द्रव नत्रातून काढून काही सेकंद हवेत धरितात, मग सुमारे ३० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवितात, पुसून कोरडी करितात, आणि उन्हापासून जपत विनाविलंब भ्रूण गायीच्या गर्भाशयात पोहोचवितात. इथिलीन ग्लायकॉलमध्ये गोठविलेला असेल तर मध्ये दुसरे द्रावण लागत नाही, म्हणजे हवेतील मुक्कामही तेवढा वाचतो. ज्या प्रयोगशाळेत वेळ असतो तेथे वितळलेला भ्रूण एक दिवस वाढवून पाहतात. वितळताच सुरकुतलेला तो गोळा काही तासांत पुन्हा फुगला तर आशा; अखंड दिसत असूनही फुगला नाही, तर ऑक्सिडीकरणाचे छुपे घाव त्यास लागले असण्याचा संभव असतो. गोठ्यात इतकी सवड नसते. तेथे गायीच्या पोटात भ्रूण ठेविल्यावर ती गाभण राहिली की नाही हे पाहण्यासाठी काही आठवडे थांबावे लागते, आणि उत्तम प्रतीच्या गोठविलेल्या भ्रूणांतही ढोबळ मानाने निम्म्याच्या आसपासच गायी गाभण राहतात. ज्या राहतात, त्या सुमारे नऊ महिन्यांनी वितात.